रिकामी जमीन कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एक कल्पनाचित्र छापलंत. आटलेल्या समुद्राचा तळ, त्यावर कललेली होडी, डोलकाठीवर काळा पक्षी, होडीशेजारी पाठमोरी बसलेली एक आकृती, एक वठलेलं झाड, मागे डोंगर आणि डोंगरांच्या कडेला टेकलेला फिकट सूर्य. बाजूला ‘चित्र कसं वाचाल?’ अशी यादी होती. होडी म्हणजे मृत्यूकडचा प्रवास. काळा पक्षी म्हणजे अशुभ. वठलेलं झाड म्हणजे अंत. मावळता सूर्य म्हणजे संपत आलेलं आयुष्य. आणि वर मथळा होता, ‘निराशेचं चित्र’.

हे चित्र मी अकरा वर्षं ओळखते. माझ्या कामाच्या टेबलासमोर, मान वर केली की दिसेल असं ते लावलेलं आहे. ते निराशेचं चित्र आहे असं मला वाटत नाही, आणि आपण छापलंत ते पूर्ण चित्रही नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी चित्रांना चौकटी करते. वडील हेच काम करत, त्यांच्या हाताखाली शिकले, आणि आता स्वतंत्रपणे करायला लागून ३४ वर्षं झाली. आमच्या कामात चित्राकडे आधी मापाने बघावं लागतं. माझ्याकडची प्रत ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच आहे. क्षितिजरेषा वरच्या कडेपासून ११ सेंटिमीटरवर येते. म्हणजे चित्राचा जवळजवळ पाऊण भाग नुसती जमीन. भेगाळलेली, राखी आणि पिवळट मातीच्या रंगांची, जिच्यात ‘बघण्यासारखं’ काही नाही. पुरवणीतलं चित्र मी पट्टी लावून माझ्या प्रतीशी ताडून पाहिलं. खालची १३ सेंटिमीटर जमीन आपण कापलीत, आणि उजवीकडची ७ सेंटिमीटर पट्टीही. कॉलमात बसवायचं म्हणून कापलं असेल, आणि कापायचं तर रिकामं ते कापावं असं कुणालाही वाटेल. मलाही एकदा तसंच वाटलं होतं.

ही प्रत पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा ती आणणाऱ्या गृहस्थांना हे चित्र घरातल्या दुसऱ्या चित्राच्या जोडीला लावायचं होतं. दोन्ही चौकटी एकाच उंचीच्या हव्या होत्या. ते म्हणाले, खालची मोकळी जागा माउंटखाली (काचेखाली चित्राभोवती येणाऱ्या पुठ्ठ्याच्या कडेखाली) झाका, तिथे काही नाहीच. मी झाकली. कापली नाही, कारण कुणाचंही चित्र कापायचं नाही ही वडिलांची शिस्त, पण झाकलं काय आणि कापलं काय, भिंतीवर दिसायला सारखंच. पाचव्या दिवशी ते चौकट घेऊन परत आले. “मी तुम्हाला दिलं ते हेच चित्र का? घरी नुसती मोडकी होडी दिसते,” असं म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून काच उतरवली, माउंट काढला, आणि खालची जमीन पुन्हा उघडी केली. तेव्हा पहिल्यांदा मला त्या जमिनीवरची पावलं दिसली.

आपल्या वाचकांना ती दिसली नाहीत, म्हणून सांगते. अगदी खालच्या कडेपासून, साधारण मध्यावरून, पावलांचे ठसे निघतात. सुरुवातीला ठळक, मग लहान, मग नुसते ठिपके, आणि होडीपाशी संपतात. परतीचा एकही ठसा नाही. आणि ते चित्राच्या कडेपासून निघतात, म्हणजे चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायापासून निघतात. जो तिथे बसला आहे तो आपल्या बाजूनेच चालत गेला. ती जमीन कापली की बसलेला माणूस कुठून आला हे कळत नाही. तो तिथे सापडलेला, अडकलेला, टाकून दिलेला वाटतो. ‘निराशा’ हा मथळा त्या कापलेल्या चित्राला शोभतो, हे मी मान्य करते.

वडिलांना शेवटची सहा वर्षं दिसत नव्हतं. कामाला आलेलं प्रत्येक चित्र मी त्यांना तोंडी सांगायचे, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असायचे. क्षितिज कुठं आहे? उजेड कुठून येतोय? माणूस असला तर किती मोठा? हवा आहे का? एवढं झाल्यावरच, हं, आता त्यात काय काय आहे ते सांग. हे चित्र आलं त्या दिवशी मी सुरुवात केली, “बाबा, एक होडी आहे…” त्यांनी हात वर करून थांबवलं. “होडी नंतर. क्षितिज?” मी म्हटलं, वरून अकरा सेंटिमीटर. “म्हणजे सगळी जमीनच. माणूस?” दीड सेंटिमीटर. ते काही वेळ गप्प राहिले. त्यांच्यासाठी चित्राचा भाव तिथेच ठरून गेला होता, होडीचा आणि पक्ष्याचा उल्लेखही व्हायच्या आधी. ४५ सेंटिमीटर उंचीत दीड सेंटिमीटरचा माणूस, तीसातला एक भाग. पुरवणीत उरलेल्या ३२ सेंटिमीटरांत तोच माणूस एकविसातला एक भाग झाला. त्याचं एकटेपण तेवढ्याने कमी झालं, आणि बदल्यात होडी मोठी होऊन डोळ्यांसमोर आली.

संपादक महोदय, प्रतीकांना माझा विरोध नाही. पण प्रतीकाला अर्थ येतो तो त्याच्या भोवतीच्या जागेतून. हे माझ्या एकटीच्या अनुभवावर मानायची गरज नाही, मोठ्या चित्रकारांनी करून दाखवलं आहे. कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं ‘समुद्रकाठचा साधू’ हे चित्र १८१० साली बर्लिनमध्ये प्रदर्शनात लागलं. वाळूची एक पट्टी, समुद्राची एक काळपट पट्टी, एक छोटा साधू, आणि बाकी सगळं आकाश. नंतरच्या तपासणीत आढळलं की त्याने आधी समुद्रात जहाजं काढली होती आणि मग ती रंगाखाली पुसून टाकली. जहाज म्हणजे प्रवास, जहाज म्हणजे आयुष्य, असे तयार अर्थ हाताशी होते, तरी त्याने ती काढून टाकली. ते चित्र पाहून हाइनरिश फॉन क्लाइस्ट या लेखकाने लिहिलं होतं की पाहताना जणू पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं. म्हणजे नजर मिटून घ्यायची सोयच उरत नाही. ती ताकद रिकामेपणाची आहे.

आणि याच्या उलट उदाहरण आर्नोल्ड ब्योकलिन या स्विस चित्रकाराचं. ‘मृतांचं बेट’ हे त्याचं चित्र मृत्यूच्या प्रतीकांसाठी जगभर ओळखलं जातं. काळे सरू, उंच खडक, शांत पाणी, होडीत पांढऱ्या वस्त्रातली उभी आकृती आणि समोर शवपेटी. १८८० मध्ये पहिली आवृत्ती रंगवली जात असताना मारी बेर्ना नावाची एक विधवा त्याच्या फ्लोरेन्समधल्या स्टुडिओत आली. तिला स्वप्नात हरवून जाता येईल असं चित्र हवं होतं. ती पांढरी आकृती आणि ती शवपेटी ब्योकलिनने तिच्या सांगण्यावरून घातली, आधी तिच्यासाठी केलेल्या चित्रात, मग पहिल्यातही. शीर्षकसुद्धा त्याचं नव्हे, ते १८८३ मध्ये चित्रांचा व्यापारी फ्रिट्झ गुर्लिट याने दिलं. स्वतः ब्योकलिनला हवी होती ती इतकी शांतता, की दारावर टकटक झाली तर बघणारा दचकावा. १८८६ पर्यंत त्याने त्याच बेटाच्या पाच आवृत्त्या केल्या. आपल्या पुरवणीची यादी लावली तर आपण शवपेटीपासून सुरुवात करू, आणि चित्रकाराने जिथून सुरुवात केली ती शांतता यादीत कुठेच येणार नाही.

पोलंडचा बेक्शिन्स्की तर आपल्या चित्रांना शीर्षकच देत नसे. त्याची हार्डबोर्डवर तैलरंगात केलेली उद्ध्वस्त नगरं आणि हाडांसारखे मनोरे पाहून लोक अर्थ विचारत, आणि त्याला तो प्रश्न आवडत नसे. मी त्याच्या चित्रांच्या छापील प्रतींना चौकटी केल्या आहेत. त्या करताना मागे लावायच्या चिठ्ठीवर नाव काय लिहावं हे कळत नाही, तेव्हा मी नुसतं माप लिहिते.

आता या चित्रातल्या उजाडपणाबद्दल. इथे मला आपल्याच भाषेची मदत झाली. वैराण, ओसाड, उजाड, भकास, निर्जन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. वैराण म्हणजे जिथे काही रुजतच नाही. निर्जन म्हणजे फक्त माणूस नाही, झाडं-पाखरं भरपूर असतील. भकास हा शब्द जागेइतकाच बघणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतो, भरलं घरसुद्धा भकास वाटू शकतं. आणि ओसाड म्हणजे जिथे कधीतरी कुणी होतं आणि मग ती जागा ओस पडली. ओसाड म्हणायचं तर आधीचं काहीतरी आठवावंच लागतं. फ्रीडरिशचं १८२३-२४ चं ‘बर्फाचा समुद्र’ हे वैराण चित्र आहे. बर्फाच्या फळ्या एकमेकींवर चढून उभा राहिलेला सुळका आणि कडेला, शोधावी लागते अशी, दबलेल्या जहाजाची बाजू. त्याने ध्रुवप्रदेश कधी पाहिला नव्हता, एल्बे नदीवर आलेल्या बर्फाचे अभ्यास करून हे जग उभं केलं. १८४० मध्ये तो गेला तोपर्यंत ते चित्र कुणी विकत घेतलं नव्हतं. मला त्याचं नवल वाटत नाही, त्या चित्रात बसायला जागाच नाही.

थॉमस कोलचं १८३६ चं चित्र मात्र ओसाड आहे. एका कल्पित साम्राज्याची पाच चित्रांची त्याची मालिका आहे, रानापासून वैभवापर्यंत आणि तिथून विनाशापर्यंत. शेवटच्या चित्रात माणूस नाही. चंद्र उगवला आहे, पुढे एक एकटा खांब उभा आहे, आणि त्या खांबाच्या माथ्यावर पक्ष्याने घरटं केलं आहे. मागे डोंगरावरचा तो मोठा धोंडा पाचही चित्रांत आहे. काय गेलं आणि काय राहिलं याचं माप प्रेक्षकाला घेता यावं म्हणून तो तिथे ठेवला आहे, असं मला वाटतं. तुमच्या यादीच्या रीतीने पाहिलं तर असा उरलेला खांब म्हणजे अंत. मग घरट्याचं काय करायचं?

आपण छापलेलं चित्रही ओसाड या जातीचं आहे. पाणी होतं, ते गेलं. होडी पाण्याच्या आठवणीने तिथे आहे. पण गेलेलं सगळं गेलंच आहे का, हे ठरवायला चित्रकाराने काही खुणा ठेवल्या आहेत, आणि पुरवणीतल्या यादीने त्यांतली एकही खूण म्हणून वाचली नाही.

पहिली खूण हवेची. वडील ‘हवा आहे का?’ असं विचारत ते यासाठी, की जिथे हवा असते तिथे दूरचे डोंगर निळसर आणि फिके होत जातात. मधली हवा प्रकाश विखुरते, म्हणून. चंद्रावर हवा नाही, तिथे लांबचं आणि जवळचं सारखंच स्पष्ट दिसतं. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ चे दोन अंतराळवीर कोन नावाच्या विवराकडे चालत निघाले, तेव्हा त्यांना अंतराचा अंदाज येईना आणि विवराच्या काठाच्या जवळ पोचूनही काठ न सापडता परतावं लागलं. या चित्रातले डावीकडचे डोंगर तसे आहेत, होडीच्या फळीइतके रेखीव. बघताना घसा कोरडा पडतो तो त्या रेखीवपणामुळे. चित्राची भीती तिथे आहे, पक्ष्यात नाही. पण उजव्या कोपऱ्यात, क्षितिजाला लागून, बोटभर जागेत डोंगर निळसर धूसर झाले आहेत. एवढ्याच ठिकाणी. तिथे हवेत ओल आहे. ती बोटभर जागा आपण कापलेल्या ७ सेंटिमीटरांत गेली. आणि कापली नसती तरी वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, इतकी हलकी निळी छटा कदाचित राखीत मिसळून गेली असती, हेही मला समजतं.

दुसरी खूण तो पक्षी. जोराचा वारा असला की पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, नाहीतर पिसं उलटी होतात. हा पक्षी उजवीकडे, त्या धूसर कोपऱ्याकडे तोंड करून बसला आहे. वारा तिकडून येतो आहे. पाठमोऱ्या माणसाची मानही जराशी तिकडेच वळली आहे. काळा रंग पाहून त्याला अशुभ ठरवण्याआधी तो कुठे पाहतो आहे हे बघायला हवं होतं.

तिसरी खूण सूर्य. आपण त्याला मावळता म्हटलंत. उजेड समोरून येतो, सावल्या लांब होऊन आपल्याकडे येतात, एवढंच चित्र सांगतं. सकाळ की संध्याकाळ हे ठरवता येईल असं त्यात काही नाही. मी अकरा वर्षं शोधलं आहे. बघणारा ज्या मनाने येतो त्या मनाने तो सूर्य उगवतो किंवा मावळतो. वडील गेले त्या महिन्यात मला तो रोज मावळताना दिसायचा. ते चित्राने केलं नाही, पण चित्राने तशी मोकळीक ठेवली होती. यादीत ‘मावळता’ असं छापलं की ती मोकळीक वाचकाच्या हातून जाते, आणि याचं मला कापण्याइतकंच वाईट वाटतं.

आणि दोर. होडीपासून एक दोर जमिनीत रोवलेल्या खुंटापर्यंत गेला आहे. कोरड्या जमिनीवर टेकलेली होडी बांधून ठेवायची गरज काय? मी वडिलांना दोराबद्दल सांगितलं तेव्हा ते पुढे झुकले. “गाठ कसली आहे?” मी भिंग घेतलं. खुंटाला दोन वेढे, आणि शेवटचं टोक दुमडून फासात अडकवलेलं, ओढलं की एका झटक्यात सुटेल असं. वडील म्हणाले, “मग तो होडी सोडणार आहे. पाणी आलं की वेळ नको जायला.” ज्याला आशा नाही तो कोरड्यात होडी बांधत नाही, आणि बांधली तरी सहज सुटणारी गाठ मारत नाही. चित्रकाराने एवढ्या पसाऱ्यात नखाएवढ्या जागेत ती गाठ नीट रंगवली आहे. मी जितकं या चित्राला ओळखते तितकं मला वाटतं, की बाकी सगळी जमीन त्या गाठीसाठी आहे.

कुणाची तरी किंवा कशाची तरी अपेक्षा करत थांबण्याला आपण वाट पाहणं म्हणतो. वाट म्हणजे रस्ता. या चित्रात खरोखरच वाट आहे, चालून गेलेल्या पावलांची, आणि तिच्या टोकाला पुढे बघत बसलेला माणूस. हे चित्र आनंदाचं आहे असं माझं म्हणणं नाही. ते दुःखाचंच आहे. पण दुःखात वाट पाहणारा माणूस आणि निराश झालेला माणूस दुरून सारखेच दिसतात, दोघेही नुसते बसलेले. फरक दाखवायला चित्रकाराला पाऊणभर जमीन लागली.

मोठ्यांच्या चित्रांवरही कात्री चालली आहे, हे मला ठाऊक आहे. रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं, नगररक्षकांच्या तुकडीचं १६४२ चं ‘नाइट वॉच’ हे चित्र १७१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या नगरभवनातल्या भिंतीवर बसवण्यासाठी चारही बाजूंनी कापलं. डावीकडची पट्टी गेली तिच्यात माणसं होती, आणि ती गेल्यावर दोन मुख्य आकृत्या बरोबर मध्यावर येऊन थबकल्या. कापण्याआधी केलेल्या प्रतिकृतीत पाहिलं तर त्या मध्यापासून सरकलेल्या आहेत आणि सगळी तुकडी चालायला निघालेली दिसते. तिथे निदान कापलेला भाग काय होता हे सांगणारी प्रतिकृती उरली. पुरवणीच्या वाचकाजवळ तसं काही नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. हे चित्र पुढच्या एखाद्या रविवारी पुन्हा छापावं. मोठं छापायची गरज नाही, दोन कॉलमांत बसेल एवढंच छापा, माणूस टाचणीच्या टोकाएवढा झाला तरी चालेल, पण चारही कडांसकट. सोबत यादी नको. मथळा हवाच असेल तर माप छापा. चित्रकाराचं नाव आपण दिलं नव्हतं. माझ्या प्रतीवरची सही वाचता येत नाही, पण आपल्याकडे चित्र जिथून आलं तिथे विचारलं तर ते मिळेल. ते चित्राखाली जरूर द्यावं. आणि कागद, शाई सांभाळणाऱ्या मंडळींना उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या छटेकडे तेवढं लक्ष द्यायला सांगावं. रंग जुळवायला माझी प्रत हवी असेल तर मी चौकटीतून काढून देईन. काच उतरवायला मला दहा मिनिटं लागतात.

आपली नम्र,
एक वाचक
(चौकटकाम करणारी)